रुळाचं कुंकू

मालनवहिनींचा विषय निघाला की मी त्यांच्या आगगाडीचं कौतुक सांगतो आणि सांगलीच्या त्या दिवसापाशी येऊन विषय बदलतो. बरीच वर्षं असंच केलं. आता वहिनी नाहीत. पुढचं सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त झाला आणि मलकापूरच्या घरात त्यानं छोट्या रेल्वेचा संसार मांडायला घेतला. तो अर्ध्यावर टाकून गेला. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलं आणि टेबलावर रूळ पसरले. मोबाइलवर व्हिडिओ बघून तारांना डाख द्यायला शिकल्या. डिजिटल कंट्रोलरवर एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी पळवायच्या.

"ह्यास्नी नुस्ती गोल गोल फिरवायला आवडायची, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला गाडी ह्या रुळावरनं त्या रुळावर न्ह्यायची हाय."

खरं काम तिथंच होतं. शेजारच्या दोन मार्गांना जोडणाऱ्या सांध्यावर त्यांनी रूळ कापून मध्ये प्लास्टिकचे तुकडे बसवले होते. दोन्ही मार्गांच्या तारा एकाच बाजूनं जुळायला हव्यात. एकीकडे उलट्या लागल्या तर इंजिन सांधा ओलांडताना सगळी वीज बंद. तारा मोटरपंपाच्या उरलेल्या, सगळ्या काळ्या. म्हणून वहिनींनी एका बाजूच्या रुळांना, त्यांच्या तारांच्या टोकांना आणि तारा जिथं जोडायच्या त्या फळीवरच्या स्क्रूंना कुंकू कालवून बोटं लावली. भाऊ गेल्यापासून ती डबी फडताळात पडून होती.

"वाया कशापायी घालवू?" त्या म्हणाल्या. "कुंकू एकाच अंगाला पायजे बगा. न्हाईतर आपापल्या घरात दोघंबी शानी, आन् उंबऱ्यावर आली की भांडण."

सांगलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती रेल्वे दाखवायची, हे मीच ठरवलं. टेबलाचे दोन भाग, मधल्या तारा सोडवून, टेम्पोनं आले. वहिनी चहाला गेल्या तेव्हा माझं लक्ष बोटांच्या त्या लाल खुणांकडे गेलं. सोसायटीतल्या बायका येणार, आणि विधवेच्या हातचं कुंकू असं दर्शनी. मी ओलं फडकं घेतलं आणि सगळं पुसलं. तारा कशा लावायच्या ते वहिनींना पाठ असेल, असं मनाला सांगितलं.

परत आल्यावर त्या फळीपाशी थबकल्या. "म्या खुणा केल्या हुत्या न्हवं?"

मी खुर्च्या लावत राहिलो.

त्यांनी अंदाजानं तारा लावल्या. दोन्ही मार्गांवर गाडी वेगवेगळी छान धावली. लोक जमले, वहिनींनी सांधा फिरवला. इंजिन मधोमध आलं आणि सगळं ठप्प झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी हसून म्हणालं, आजींचं वय झालं. वहिनीही हसल्या आणि तारा सोडवायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी रुळांना हात लावला नाही. गॅस बंद केला का, दार लावलं का, हे दोन-दोनदा पाहू लागल्या.

गेल्या वर्षी कराडच्या दवाखान्यात मी शेजारी बसलो होतो. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "आवं भाऊजी, त्या दिवशी म्या खुणा करायच्याच इसरले हुते का वो?"

वहिनी, तुम्ही विसरला नव्हता, मी पुसल्या, माफ करा. एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणालो, "असेल, वहिनी."