मास्तरांचा आवाज

वाचा-उपचार केंद्रात सगळे तिला ताई म्हणत. वीस वर्षं तिथले कॉम्प्युटर तीच सांभाळत होती, पण कायम कुठेतरी हरवलेली. पहिली हाक तिला कधी ऐकूच जात नसे.

केंद्रात उपचाराला येणाऱ्या मास्तरांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. ते टाइप करत आणि आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या त्यांच्याच आवाजात केंद्रातलं यंत्र बोलत असे. एका सोमवारी मात्र पाण्याखालून कुणी बोलावं तसा आवाज आला. मास्तरांच्या बायकोचा चेहरा पडला. "हे ह्यांचं बोलणं नव्हे," एवढंच त्या म्हणाल्या.

नव्या इंजिनिअर मुलीनं जीभ चावली. आदल्या आठवड्यात तिनं दुसरा एक प्रोग्रॅम बसवला होता. त्याच्यासाठी एका लायब्ररीची, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडची, नवी आवृत्ती टाकली आणि जुनी पुसली गेली. मास्तरांचा आवाज त्या जुन्या आवृत्तीवरच चालायचा.

"ताई, मी नुसतं अपडेट केलं हो!"

"अगं, दोघांचं एका घरात पटत नसेल तर वेगळं बिऱ्हाड थाटून द्यावं. प्रत्येक प्रोग्रॅमचं एन्व्हायर्नमेंट निराळं, त्यातल्या लायब्रऱ्या त्याच्या त्याला."

बिऱ्हाड झालं, पण जुनी आवृत्ती नेमकी कोणती? कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. ताई एकेक आवृत्ती टाकून, कानाला हेडफोन लावून ऐकत बसली. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत राहिलं. कधी आवाज चिरका येई, कधी शब्दांची शेपटं विरून जात. ऐकता ऐकता तिला आपल्या वडिलांचा आवाज आठवावासा वाटला. आठवलं ते फक्त त्यांचं खाकरणं. इंजिनिअरनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

गुरुवारी सातवी आवृत्ती टाकली आणि कानात कुणीतरी सावकाश, स्वच्छ बोललं. ऑपरेशनआधी मास्तरांना तिनं कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तरी हेच ते, असं तिला वाटलं.

मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला बोलावणं गेलं. मास्तरांनी टाइप केलं. यंत्र म्हणालं, "सकाळी चहात साखर जास्त झाली होती."

"आला का आवाज? लगेच माझ्या चहाला नावं ठेवा!" बाई हसता हसता रडू लागल्या.

ताईनं आवृत्त्यांची यादी मास्तरांच्या आवाजाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली. इंजिनिअरनं तिला काहीतरी विचारलं. मास्तर अजून बोलत होते, आणि ताई डोळे मिटून ऐकत होती.