जाळीवरचा हार

घोडेगावच्या तात्या मेस्त्रींनी "या, बसा" म्हणून गिऱ्हाईकाचं स्वागत केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गाडी गॅरेजच्या दारात थांबली की ते आतूनच ओरडायचे, "आला का टोणगा! आज काय मोडून आणलंस?" मग तो सरपंच असो नाहीतर डॉक्टर.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे मोठ्या गाड्यांचं पीक आलं. टोमॅटोला एक साल बरा भाव मिळाला की दारात हे धूड उभं. काचेवर कुलदैवत, मागे पोराचं नाव, आणि बॉनेट कुठून उघडतं ते मालकाला ठाऊक नाही! त्या बहाद्दरांत मीही होतो. पहिल्याच भेटीत तात्यांनी ऑइलची काडी उपसून माझ्या नाकाखाली धरली. "हे ऑइल हाय का डांबर? म्हशीला रोज पाणी दावतोस ना? मंग हिनं तुजं काय घोडं मारलंय?"

एअर फिल्टर झटकला तर आमच्या शेतातली निम्मी माती खाली पडली. मग त्यांनी मला रोज सकाळचा पाठ दिला: गाडी गार असताना ऑइल बघ, रेडिएटरचं पाणी बघ, फॅनचा पट्टा दाबून बघ, चाकांतली हवा बघ. "येवडं केलंस तर माजं तोंड बघायला लागणार न्हाई." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फक्त काच पुसली. लोकांना काच दिसते ना!

त्या दसऱ्याला मी गाडी धुऊन समोरच्या जाळीवर झेंडूचा असा जाड हार बांधला की जाळी दिसेना. दुपारी तात्या स्वतः माझ्या दारात आले. तळेघरला त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि एसटी निघून गेली होती. हाराकडे बघून ते म्हणाले, "जाळी झाकलीय रं. इंजिनाला हवा कुठनं जायची?"

"तात्या, आज दसरा. हार उद्या उतरवायचा," मी म्हणालो.

एरवी त्यांनी माझी सालटी काढली असती. पण त्या दिवशी मागायला आलेले तेच होते. गाडीत चढून बसले.

घाटात तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटखालून वाफ निघाली. पाणी मी महिनाभर बघितलंच नव्हतं. तात्यांनी उतरून हार ओरबाडून फेकला. मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नको, तोंड भाजंल. गार हू दे, मंग ये." आणि ते चढ चालू लागले. गाडी गार झाल्यावर पाणी भरून पाऊण तासाने मी त्यांना गाठलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायका रडत होत्या. म्हातारीनं दोनदा विचारलं होतं म्हणे, माझा लेक आला का.

आता तात्या मला फाडून खाणार, असं वाटलं. खायलाच हवं होतं. पंधरवड्याने गाडी घेऊन गेलो. तात्या बाहेर आले, फडक्याने स्टूल पुसलं आणि म्हणाले, "या साहेब. बसा."

पुढे आठ वर्षं ते मला 'तुमी'च म्हणत राहिले. मी रोज ऑइलची काडी बघायला लागलो, पट्टा दाबायला लागलो. हार आता मागच्या स्टेपनीला बांधतो, गावातले टोणगे हसतात. गॅरेज बंद करून तात्या लेकीकडे राहायला निघाले, त्या दिवशी मी मुद्दाम बॉनेट उघडून उभा राहिलो. त्यांनी काडी उपसली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली.

"लई चांगली ठेवलीय तुमी," म्हणाले.

एकदा तरी 'टोणग्या' म्हणायचं होतंत, तात्या.