दाढेवरची पूड

निजामाच्या अमदानीची ती अखेरची वर्षं. मी लातूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी किंवा दाढ काढताना जागा बधिर करायला ते कोकेन वापरत. पुडीची बाटली कुलपात असे आणि किल्ली माझ्याकडे.

"यानं दुखणं जात नाही, नुसतं कळेनासं होतं," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "सवय लागली की माणूस भूक विसरतो, झोप विसरतो, आणि काळीज धावत सुटतं. एखाद्या दिवशी ते थांबतंही."

म्हणून पुढचं लिहिताना 'नकळत' हा शब्द मला वापरता येत नाही.

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक, देवणीजवळच्या खेड्यातले. बैल घेऊन लातूरच्या बाजाराला आले ते गाल सुजवूनच. दाढ काढायला तयार होईनात. मी विड्यात चुन्यावर चिमूटभर पूड टाकून दिली. थोड्या वेळानं ते हसायलाच लागले.

"पाव्हणं, निम्मं तोंडच हरवलं की! आता तुमची अक्का कितीबी बोलू द्या, ह्या बाजूला ऐकूच येत न्हाई."

मला मोठेपणा वाटला. पुढच्या तीन बाजारांना मी पुन्हा दिली. मग भीती वाटली आणि नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी विड्यात चोरून तीच पूड घालून देणारा नांदेडचा एक पानवाला शोधून काढला.

वर्षभरात त्यांची रया गेली. गाल बसले, दात काळे पडले. भाकरी समोर सुकून जाई. झोप नव्हती. कातडीखाली किडे चालतात म्हणून ते बाभळीच्या काट्यानं दंड टोकरत बसायचे. अक्कानं ताटात काही कालवलं असं म्हणायचे. गावानं ठरवलं, ही भानामती. आळ आला समोरच्या विधवा बाईवर, कारण दुखऱ्या दाढेला गार म्हणून तीच त्यांना रोज ताक देत असे.

पंचांनी मला बोलावलं. चावडीवर सगळे जमले होते. एकानं विचारलं, "तुम्ही दवाखान्यातले. ह्यो रोग हाय का करणी?"

अक्का माझ्याकडे बघत होती. नोकरी, अब्रू, तिचा संसार, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"रोग तर काही दिसत नाही," मी म्हणालो.

मंत्र म्हणता येऊ नये म्हणून करणी करणारीचे दात पाडायचे, अशी तिकडची रीत. त्या बाईचे पुढचे चार दात दगडानं पाडले. मी तिथंच उभा होतो.

आठ दिवसांनी ती दवाखान्यात आली. तोंड पिकलं होतं. डॉक्टरांनी मला हिरड्यांना तेच बधिर करायचं औषध लावायला सांगितलं. मी कापसाचा बोळा फिरवला. जरा वेळानं तिनं गाल चाचपला.

"तोंड हरवलं," ती बोबड्या बोलीत म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "तुझा दाजी ताक पिताना असंच म्हनायचा. पाव्हण्याच्या पानानं तोंड हरवतंय म्हून."

मी बोळा खाली ठेवला.

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"हो, मावशी."

"मग चल चावडीवर. सांग तसं."

"येतो," मी म्हणालो. गेलो नाही. आज जातो, उद्या जातो असं करत तीन महिने काढले.

उन्हाळ्यात दाजी भर दुपारी बैलांना पाणी पाजायला विहिरीवर गेले आणि छाती धरून तिथंच कोसळले. वय चौतीस. त्यांच्या तेराव्याला मी चावडीवर उभा राहून सगळं सांगितलं. अक्का उठून घरी गेली, ती पुढं माझ्याशी कधी बोलली नाही.

एक म्हातारे पंच मात्र म्हणाले, "आता सांगून काय उपेग? ती ताकवाली बाई कवाच गाव सोडून गेली."

कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी माहूरला शोधलं, किनवटला शोधलं. आज माझ्या स्वतःच्या दाढा पडू लागल्या आहेत. काढताना मी बधिर करायचं औषध लावू देत नाही. त्यानं तिचं काही भरून येत नाही, हेही मला ठाऊक आहे.