जवळ्यात घोळवलेले चीजचे गोळे

मांडव्याजवळ मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर मी माळी होतो आणि बायको खानसाम्याच्या हाताखाली. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. पार्टीचे पाहुणे आदल्या दिवशीच आले, पण मग समुद्र खवळला आणि सामान आणायला गेलेला खानसामा मुंबईतच अडकला. शेटाणीबाईंनी चीजचा डबा बायकोपुढे ठेवला. "याचे गोळे वळ आणि अक्रोडाच्या चुऱ्यात घोळव."

अक्रोड खानसाम्याकडे. बायकोनं चीजमध्ये मिरी मळली, गोळे वळले आणि घरचा सुका जवळा भाजून, चुरून त्यात घोळवले.

"असलं वासाचं पाहुण्यांपुढे? टाकून दे," बाई म्हणाल्या. बायकोचं तोंड एवढंसं झालं. मी ताट उचललं आणि थेट पाहुण्यांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी ते चाटूनपुसून संपवलं.

एकीनं विचारलं, "कोणी केलं हे?"

"आमच्या खानसाम्यानं," बाई म्हणाल्या.

"न्हाय, बाईसाहेब. खानसामा मुंबईत हाय. हे माझ्या बायकोनं केलंय."

दुसऱ्या दिवशी आम्हांला काढलं. वाटेत बायको म्हणाली, "गप बसला असता तर जीभ झडली असती काय?" पण हसत होती.

आता ती नाही. लोक अजून म्हणतात, तोंड आवरायचं होतंस. नाही आवरलं, आणि आजही आवरणार नाही. गोळे तिनंच केले होते.