थांबायचं शिकवायचं राहिलं

नागोजी सरकारी बसचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर खासबागेत घरीच असत. लेक माधवी लग्न होऊन वडगावात गेली आणि तिची सायकल परसात तशीच पडून राहिली. एक दिवस अंबुबाई म्हणाल्या, "मला शिकवा की ओ. लेकीकडं जायला दर वेळी किती जणांची मनधरणी करू?"

साठीला टेकलेल्या बायकोचा हट्ट नागोजींना गमतीचा वाटला. तरी रोज सकाळी ते तिला शाळेच्या मैदानावर नेऊ लागले. सीट धरून पळायचं, वेग आला की सोडायचं, फेरी मारून आली की पुन्हा धरून थांबवायचं. तोल तिला लवकर साधला. सुटायला आणि थांबायला मात्र नागोजीच लागत. "ब्रेकचं सांगतो सावकाश. मी हाय की धरायला," ते म्हणत. बसची नोकरी सुटल्यापासून त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. आता बायकोचं अडत होतं, हे त्यांना बरं वाटत होतं.

एका रविवारी तिला ढकलून दिलं आणि फाटकातून मष्णूची हाक आली. मष्णू त्यांचा जुना कंडक्टर. दोघं चहाच्या गाड्यावर गेले. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बस अडकली तेव्हा रात्र कशी काढली, ते बोलणं निघालं. मैदानातून "अहो" ऐकू आलं, तेव्हा नागोजींनी हात वर केला आणि दुसरा चहा सांगितला.

धडाम आवाज झाला, तेव्हा ते पळाले. फेऱ्या मारून पाय गळाले, तशी अंबुबाईंनी सायकल भिंतीवर घातली होती.

दवाखान्यात त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "माझाच तोल गेला." रिक्षात बसल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "तुमी हात केलासा. मला वाटलं, आलासा."

मनगटाला प्लास्टर होतं तोवर नागोजींनी भाकऱ्या थापल्या, तिची वेणी घातली. शेजारची गुणाबाई म्हणाली, "आक्का, नशीब काढलंस. लई जपतात ओ आण्णा!" नागोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लास्टर निघाल्यावर सायकल अंबुबाईंनीच बाहेर काढली. या खेपेला नागोजींनी थांबण्यापासून सुरुवात केली. "दोनी ब्रेक संगंच, पण हळू. पुढचा एकटा दाबू नको, उलथशील. सीटवरनं खाली ये, डावा पाय टेक. आता उजवं पायडल वर घे, त्याच्यावर भार दे, सुट." चार हात जायचं, थांबायचं, पुन्हा सुटायचं. त्यांनी सीटला हात लावला नाही. तिनं धरा म्हटलंही नाही.

पुढच्या आठवड्यात ती वडगावला निघाली. "येऊ काय मागनं?" त्यांनी विचारलं.

"नको. बसा तुमी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. कोपऱ्यावर टेम्पो आडवा आला. ती थांबली, पाय टेकला, दोन्हीकडं बघितलं आणि सुटली.

थोड्या वेळानं माधवीचा फोन आला. "आप्पा, आई एकटी आली सायकलवर! तुमीच शिकवलासा म्हणं?"

नागोजींना व्हय म्हणवेना. "तिचं तीच शिकली गं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.