मुरतंय, हात लावू नका

फरीदाबादला सेक्टरात आम्ही घर घेतलं तेव्हा रस्ते कच्चेच होते, पण कोपऱ्यावर केकचं दुकान आलं होतं. तिथला केक तोंडात घालून बायको म्हणाली, "साबणाचा वास मारतोय." मग गोल इलेक्ट्रिक ओव्हन घ्यायला लावला. शेजारच्या केरळच्या बाईंनी गावाहून व्हॅनिलाच्या शेंगा आणून दिल्या. काळ्या, सुकलेल्या, गवारीपेक्षा लांब. उभ्या चिरायच्या, रममध्ये बुडवायच्या, बाटली अंधारात ठेवायची, रोज हलवायची. झालं. रम आणायला दारूच्या ठेक्यावर मी.

"अहो, ही प्यायची नाही हं."

"वास तरी घेऊ दे."

"मुरतंय. हात लावू नका."

मुलगी तेव्हा लहान, सगळी हिंदीत वाढलेली. लोणचं मुरतं, हे तिला कुठून ठाऊक? घाबरून म्हणाली, "आई, काय मरतंय?" बायको इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली. मग घरात तेच चाललं. रविवारी मुलगी कपाट उघडून विचारायची, "मेलं का?" आणि ही आतून ओरडायची, "नाही अजून!"

केकात जेवढं वापरलं तेवढी रम ती वरून ओतायची, अधूनमधून नवी शेंग टाकायची. बाटली कधी संपली नाही.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यातून परत आलीच नाही. साड्या लोकांनी धुऊन ठेवल्या. साड्यांना आता साबणाचा वास येतो. तिच्या हातचं म्हणून घरात उरलं ते ही बाटली, बाकी काही नाही.

मी रोज हलवतो. तरी वास उतरत चालला. मी घाबरून रम ओतली. आणखी उतरला. शेंगा पांढुरक्या पडल्या, चोथा झाल्या. केरळच्या बाई तर घर विकून कधीच गेलेल्या. बाजारात गेलो. दुकानदारानं इसेन्सची बाटली पुढे केली.

"ये नहीं, फली चाहिए."

"अंकल, फली तो सब्ज़ी मंडी में मिलेगी."

मागचे हसले. हसू देत. मी पार दिल्लीपर्यंत दुकानं पालथी घातली. शेंग मिळाली नाही.

रविवारी मुलगी गुडगावहून आली. स्वतःच कपाट उघडलं, बूच काढून वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. मला ते सहन होईना.

"विचार ना," मी म्हटलं.

"बाबा, ही नुसती रम आहे."

"तू विचार."

तिनं बारीक आवाजात विचारलं, "मेलं का?"

आतून कुणी ओरडलं नाही. मी तिच्या हातातून बाटली घेतली, बूच घट्ट लावलं आणि हलवायला लागलो.