विचारून काढलेले फोटो

उकडलेल्या हळदीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? मातकट, किंचित उग्र, तरीही मन प्रसन्न करणारा! उन्हाळा तोंडावर आला की कुरुंद्याच्या शिवारात तो वाफेबरोबर दूरवर पसरतो आणि अंगावरच्या कपड्यांनाही सोडत नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीला तो लागला तो कायमचाच, आणि जावा असे मलाही वाटत नाही.

त्या पिशवीत छोटे कॅमेरे होते. शिक्षणावरच्या संशोधनासाठी मी कुरुंद्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत जात होते. पद्धतीचे नाव भारदस्त, सहभागी छायाचित्रण; मथितार्थ एवढाच, की संशोधकाने कॅमेरा लेकरांच्या हाती द्यावा आणि त्यांनी टिपलेल्या चित्रांवर त्यांनाच बोलू द्यावे. एरवी आपण मोठी माणसे मुलांना प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच सुचवतो, नाही का? विषय दिला होता, ‘माझी शाळा’. नियम असा, की ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारायचे, कशासाठी ते सांगायचे आणि नंतर एक प्रत त्याला नेऊन द्यायची. या नियमाने तांड्यावर काय धांदल उडवली म्हणून सांगू! विचारले की बाया म्हणायच्या, “थांब, लुगडं बदलून येते,” आणि चुलीपुढचा फोटो लग्नातल्या साडीत निघायचा. माझ्या संशोधनाचे तीनतेरा वाजत होते, पण हसू काही आवरत नव्हते.

तिथल्या सातवीत शिल्पा होती. तांड्यावरची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी रानातल्या वाटेने कुरुंद्याला जावे लागते. तिचे वडील मला एकदा म्हणाले होते, “पोरगी हुशार हाय, न्हाई कोन म्हनतं? पन वाट एकलीची हाय, बाई. वाटंत कोन हाय तिचं?” बापाच्या काळजीला वादात हरवता येत नाही, आणि हरवूही नये. पण शिल्पाची शाळा तिथेच संपणार, या विचाराने माझा जीव तुटत होता.

फोटो हाती आले तेव्हा शिल्पाच्या चित्रांत शाळा कुठेच नव्हती. आईबरोबर बाजाराला जाता-येता तिने कुरुंद्याची वाट टिपली होती: हळद उकडणाऱ्या बाया, विहिरीवरचे मारुतीमामा, पिठाच्या गिरणीवरच्या काकू. मी विचारले, “शाळेचा फोटो काहून न्हाई गं?”

“ही बी माझ्या शाळेचीच वाट हाय की, बाई. फकस्त अजून गेले न्हाई.”

वर्गाच्या ओसरीवर दोरी बांधून आम्ही सारे फोटो टांगले. आईबाप आले, आपापले चेहरे पाहून लाजले, सुखावले. शिल्पाचे वडील मात्र लेकीच्या फोटोंपुढे खिळून उभे राहिले.

“या समद्यांना शाळेचं सांगून आलीस व्हय?”

“विचारल्याबिगर फोटू काढायचा न्हाई, बा. काहून काढून राहिले, ते बी सांगावं लागतं.”

ते मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता हिला घरी ठेवली तं ही समदी वाटंत मलाच गाठून जाब इचारतील, बाई!”

किती निरागस होता माझा तो नियम! परवानगी मागता मागता त्या पोरीने सगळ्या वाटेला आपले मनोगत सांगून टाकले होते. पद्धतीची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. त्या ओसरीवर मला जे समाधान मिळाले, त्याला त्यांत नाव नाही.

जूनमध्ये कुरुंद्याची शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी शिल्पाला म्हणे उशीर झाला. वाटेवर ज्याच्या त्याच्या हाती त्याचा फोटो द्यायचा होता. वडील सोबत निघाले होते, थेट शाळेपर्यंत जायचे म्हणून. गिरणीपाशी काकूंनी पिठाचे हात पुसले, स्वतःचा फोटो निरखून पाहिला, पदरात गुंडाळला आणि शिल्पाचा हात धरून त्यांना म्हणाल्या, “तुमी जा माघारी, भाऊ. इथून पुढं मी हाय.”

आणि ते माघारी वळले.